हिला झेपेल का?

दरवर्षी आमच्या नर्सिंग महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या मुलामुलींचा शपथविधी व्हायचा. पांढऱ्या गणवेशातली पोरं हातात पणती घेऊन रांगेत उभी राहायची, एकाच्या पणतीवर दुसऱ्याची लागायची आणि मागच्या खुर्च्यांवर बसलेल्या आया पदराने डोळे टिपायच्या. कार्यक्रम संपून चहा-पोह्यांची गडबड सुरू झाली की कुणीतरी वडील मला हळूच बाजूला घ्यायचे. एका वर्षी सांगोल्याकडचे एक डाळिंब बागायतदार आले होते. टोपी हातात धरून त्यांनी विचारलं, "सिस्टर, खरं सांगा. घरी कोंबडी कापली तरी ही आत पळते. हिला झेपेल का?"

पालकहो, त्या दिवशी मी त्यांना चहाच्या कपाएवढ्या वेळात उत्तर दिलं. निम्मी नोकरी कॅज्युअल्टीत आणि निम्मी शिकवण्यात घालवून आता मी घरी आहे. तेच उत्तर आज तुम्हाला सवडीने देते.

धीर कुणी जन्मताना सोबत घेऊन येत नाही. पहिल्या वर्षी भाजलेल्या पेशंटचं ड्रेसिंग बघताना मला घेरी आली होती. आमच्या मेट्रनबाईंनी पाणी दिलं, खाली बसवलं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच पेशंटच्या ड्रेसिंगचा ट्रे मलाच लावायला सांगितला. जखमेची कड लाल आहे का, पू आहे का, कालची पट्टी किती भिजली आहे, हे बघून मला सांग, म्हणाल्या. डोळ्यांना काम मिळालं तसं पोटातलं ढवळणं थांबलं. प्रशिक्षण म्हणतात ते हेच.

आता तर मुलं आधी स्किल लॅबमधल्या पुतळ्यावर शिकतात. हृदय थांबलेल्या मोठ्या माणसाची छाती मिनिटाला 100 ते 120 वेळा, निदान पाच सेंटिमीटर खोल दाबायची. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलायचा, कारण थकलेला हात वरवर दाबायला लागतो आणि ते त्याचं त्याला कळत नाही. मेंदूचा रक्तपुरवठा थांबला की चार-सहा मिनिटांत इजा व्हायला लागते. तेवढ्या वेळात आठवत बसायला सवड नसते. म्हणून आपण पाटीवर अक्षर गिरवून घेतो तसं हे हातांकडून गिरवून घेतात, पुन्हा पुन्हा, कंटाळा येईपर्यंत.

याचं एक उदाहरण देते. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईच्या कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे रात्रपाळीला होत्या. त्यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. दहशतवादी आवारात शिरलेले पाहताच त्यांनी वॉर्डाचे दरवाजे लावून घेतले आणि सगळ्यांना पॅन्ट्रीत नेऊन बसवलं. त्यातच एकीला कळा सुरू झाल्या, तर तिला भिंतीच्या आडोशाने लेबर रूमपर्यंत पोचवलं. पुढे त्यांनी त्या दहशतवाद्यांपैकी कसाबला ओळखलं, आणि डिसेंबर 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे आपला अनुभव सांगितला. त्यांना भीती वाटली नसेल का? वाटलीच असणार. पण पुढचं काम कोणतं, हे त्यांच्या हातांना माहीत होतं. तुमच्या मुलीला किंवा मुलाला आम्ही एवढंच शिकवतो.

आता थोडं कडू बोलते. "नीटमध्ये मार्क कमी पडले, म्हणून नर्सिंगला घातलं," हे वाक्य मी शेकडो पालकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि बहुतेकदा मूल शेजारीच उभं असायचं. कृपा करून तिच्यासमोर असं म्हणू नका. डॉक्टर राउंडला येऊन पुढे जातात, पेशंटजवळ आठ-बारा तास असते ती सिस्टर. लघवी कमी झाली आहे, श्वास वाढला आहे, म्हातारबुवा उगाच चादर ओढताहेत, हे आधी तिच्या नजरेला पडतं. पेशंट बिघडतोय हे वेळेवर सांगणारं माणूस वॉर्डात नसेल, तर मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरचाही उपयोग होत नाही. ही वाट कुणी पाडली, तेही सांगते. 1909 साली पुण्यात स्त्रियांसाठी सेवासदन ही संस्था सुरू झाली. रमाबाई रानडे यांनी तिथल्या मुलींना आणि विधवांना ससून रुग्णालयात नर्सिंगच्या शिक्षणासाठी पाठवलं. परक्या माणसांची सेवा, तीही रात्री घराबाहेर राहून, त्या काळच्या घरांना हे किती जड गेलं असेल! त्या बायकांनी पाडलेल्या वाटेवरून तुमची लेक चालली आहे. ही वाट कमी प्रतीची नाही.

आता शिक्षणाच्या वाटा सांगते. एएनएम दोन वर्षांचं, जीएनएम तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. बीएस्सीला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं. जीएनएमला कला-वाणिज्य शाखेची मुलंही चालतात. ज्यांनी जीएनएम केलं त्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते. एमएस्सी आहे, अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पुण्याच्या एएफएमसीच्या, म्हणजे सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या, नर्सिंग महाविद्यालयात नीटच्या गुणांवर प्रवेश घेतलेल्या मुली शिक्षण संपवून लष्करात लेफ्टनंट होतात. आणि मुलगा म्हणाला, "मला नर्सिंग करायचंय," तर हसू नका. वॉर्डात सिस्टरइतकीच ब्रदरचीही गरज असते. रात्री दोन वाजता दारू पिऊन आलेला जखमी आवरायचा असतो तेव्हा ती विशेष कळते.

काही मुलांचा ओढा वॉर्डापेक्षा रस्त्यावरच्या तातडीच्या कामाकडे असतो. आपल्या राज्यात 2014 च्या जानेवारीत 108 ची रुग्णवाहिका सेवा सुरू झाली ती 937 गाड्यांनिशी. त्यातल्या 233 गाड्यांत व्हेंटिलेटरसारखी प्रगत साधनं होती, बाकीच्या प्राथमिक जीवरक्षक होत्या. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्याकडे 108 च्या गाडीत डॉक्टर असतो. त्यामुळे इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचा अभ्यासक्रम केलेल्या मुलाने तेवढ्याच एका दारावर आशा ठेवू नये. मोठ्या रुग्णालयांचे तातडीचे विभाग, खाजगी कार्डिअॅक अँब्युलन्स, कारखाने अशा ठिकाणीही त्याला काम असतं. 2021 मध्ये संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी केंद्राचा कायदा झाला आणि पॅरामेडिकला त्यात जागा मिळाली. तरी गल्लीतल्या सहा महिन्यांच्या "पॅरामेडिकल कोर्स"वर पैसे भरण्याआधी त्याला कुणाची मान्यता आहे, हे कागदावर बघा.

अग्निशमनातही मुली आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या महिला हर्षिनी कान्हेकर नागपूरच्याच. 2002 मध्ये त्या तिथे दाखल झाल्या. एनडीआरएफचं, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचं, मुलांना फार आकर्षण असतं. माळीण गावावर दरड कोसळली तेव्हा ढिगाऱ्यात काम करणारे केशरी गणवेशातले जवान त्यांनी टीव्हीवर पाहिलेले असतात. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला त्यांची पाचवी बटालियन आहे. पण तिथे थेट भरती होत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ यांसारख्या केंद्रीय दलांतले जवान तिकडे प्रतिनियुक्तीवर जातात. "थेट एनडीआरएफमध्ये लावून देतो" असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

महाविद्यालय बघायला जाल तेव्हा इमारतीच्या काचा बघू नका, रुग्णालय बघा. नियमाने महाविद्यालयाचं स्वतःचं किमान 100 खाटांचं रुग्णालय असावं लागतं. दुपारी अकरा-बाराला न सांगता जा आणि खाटांवर खरोखर पेशंट आहेत का ते डोळ्यांनी पाहा. रिकाम्या वॉर्डात शिकलेल्या मुलीच्या हातात प्रमाणपत्र येतं, पण तिला व्हेन सापडत नाही. भारतीय परिचर्या परिषद आणि महाराष्ट्र परिचर्या परिषद यांच्या याद्यांत संस्थेचं नाव आहे का, हे तपासा. राज्याच्या परिषदेत नोंदणी झाल्याशिवाय तिला परिचारिका म्हणून काम करता येणार नाही. आणि पहिल्या पोस्टिंगआधी हिपॅटायटिस बीच्या लशीचे डोस सुरू झाले का, हे विचाराच. सुई टोचण्याचा धोका या कामात रोजचा आहे.

पैशाचंही लपवत नाही. एम्समधल्या नर्सिंग ऑफिसरचं मूळ वेतन सातव्या वेतन आयोगानुसार ₹44,900 पासून सुरू होतं. त्याच शिक्षणाची मुलगी तालुक्याच्या छोट्या दवाखान्यात याच्या पाव पगारावर राबताना मी पाहिली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 2016 च्या आदेशानंतर नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही महिना ₹20,000 पेक्षा कमी देऊ नये, अशी शिफारस केली. ती सगळीकडे पाळली जात नाही, याचं मला फार दुःख आहे. म्हणून पहिली दोन वर्षं पगारापेक्षा शिकायला कुठे मिळतं ते पाहा, आणि त्याच काळात सरकारी परीक्षांची तयारी चालू ठेवायला सांगा. परदेशाचं मनात असेल, तर भाषेचा अभ्यास शिकत असतानाच सुरू करावा. जर्मनीला जर्मन लागतं, अमेरिकेला एनक्लेक्सची परीक्षा लागते. एजंटाच्या हातात मूळ प्रमाणपत्रं कधीही देऊ नका.

आणि ज्या भीतीपोटी तुम्हाला झोप येत नाही, तिच्याविषयी. ती भीती खोटी आहे, असं मी म्हणणार नाही. 27 नोव्हेंबर 1973 रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानभाग ड्यूटी संपवून तळघरात कपडे बदलायला गेल्या आणि तिथे त्यांच्यावर हल्ला झाला. 18 मे 2015 ला त्यांनी शेवटचा श्वास घेतला. मधली सारी वर्षं केईएमच्या परिचारिकांनी, पिढ्या बदलल्या तरी, त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणावर पडून असलेल्या त्या देहाला एकही बेडसोर झाला नव्हता, हे सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या निकालात नोंदलेलं आहे. मी हे घाबरवायला सांगत नाही. त्यातून विचारायचा प्रश्न मिळतो, म्हणून सांगते. मुलगी नोकरीला लागेल तिथे जाऊन विचारा, सिस्टरांची कपडे बदलायची खोली कुठे आहे? कडी आतून लागते का? रात्री ड्यूटी सुटल्यावर होस्टेलपर्यंत कोण सोडतं? हे विचारायला लाजू नका. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांवर हात उचलणाऱ्याला शिक्षा करणारा कायदा महाराष्ट्रात 2010 पासून आहे, तो तिलाही माहीत असू द्या.

शेवटी तुमच्या वाट्याचं काम. ते घरातलं आहे. रात्रपाळी करून आलेल्या मुलीला दारातच "काय झालं गं?" असं विचारू नका. एखाद्या रात्री तिच्या हातावर लहान मूल गेलेलं असतं. चहा ठेवा, पाणी तापवा, पडदे ओढून घ्या, पाहुणे आलेच तर त्यांना हळू बोलायला सांगा. ती चार दिवसांनी, भाजी निवडता निवडता, आपण होऊन बोलेल. तेव्हा मात्र हातातलं सगळं बाजूला ठेवून ऐका. सण चुकेल, मामाच्या लग्नाला ती येणार नाही. नातेवाइकांना तिच्या वतीने तुम्ही समजवा, तिला समजवायला लावू नका. आणि स्थळ आलं तर रात्रपाळीची गोष्ट पहिल्याच भेटीत सांगून टाका. ज्या घरापासून ती लपवावी लागते, ते घर तिचं नव्हे.

ते सांगोल्याचे वडील पुन्हा आले ते मुलगी शेवटच्या वर्षाला असताना. पिशवीभर डाळिंबं घेऊन आले होते. दुपारचे दोन वाजत आले होते, म्हणून मी त्यांना वॉर्डाच्या दारापर्यंत घेऊन गेले. पाळी बदलताना जाणारी सिस्टर येणाऱ्या सिस्टरला प्रत्येक खाटेपाशी उभी राहून सगळं सांगते, त्याला आम्ही ओव्हर देणं म्हणतो. मुलगी ओव्हर देत होती. "बेड नंबर सात. युरिन सकाळपासून कमी आहे, डॉक्टरांना कळवलंय, तीन वाजता पुन्हा मोजायची आहे. बेड नंबर आठ, आजी रात्रभर झोपल्या नाहीत. मुलगा गावाहून निघालाय, तो आला की त्यांना आधी सांगा." आवाज शांत, नजर तक्त्यावर. औषधाच्या ट्रॉलीकडे जाताना आणि परतताना ती दोनदा आमच्या पुढून गेली.

वडील पिशवी सांभाळत उभे होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "दोनदा जवळून गेली सिस्टर. मी दिसलोच नाही तिला."

एवढं बोलून त्यांनी टोपी काढली, झटकली आणि पुन्हा नीट डोक्यावर बसवली. लेकीचं ओव्हर संपेपर्यंत आम्ही दोघं दारातच उभे राहिलो.