स्वस्त हत्यारांची पारख

देवळाली कॅम्प ही नाशिक जिल्ह्यातील जुनी लष्करी छावणी. १८६१ साली येथे सैनिकांचा तळ उभारण्यात आला. १९४७ मध्ये फाळणीच्या वेळी तोफखाना विद्यालय काकूलहून येथे हलविण्यात आले. छावणीच्या सभोवार भगूर, संसरी, लहवित, शिंगवे बहुला अशी शेतीवाडीची गावे आहेत. त्यामुळे येथे हत्यारे-अवजारे घेणारा ग्राहक एका प्रकारचा नसतो. गवंडी थापी मागतो, सुतार पटाशी मागतो, वायरमन पक्कड मागतो, द्राक्षबागायतदार छाटणीची कात्री मागतो आणि ग्रामपंचायतीला फावडी, कुदळी व घमेली घाऊक हवी असतात. या साऱ्यांचा दुकानदारास पहिला प्रश्न मात्र एकच असतो : “केवढ्याला?”

नाशिकच्याच सातपूर औद्योगिक वसाहतीत टपारिया टूल्स या हातहत्यारे बनविणाऱ्या कंपनीचा कारखाना आहे. पंजाबातील जालंधर व लुधियाना आणि राजस्थानातील नागौर ही या धंद्याची देशातील प्रसिद्ध ठिकाणे. तेथील मालाबरोबर नाव-गाव नसलेला मालही बाजारात येतो. एकाच फळीवर दोन हातोड्या शेजारी-शेजारी असतात. दोन्हींना सारखाच रंग, सारखीच चकाकी. किंमत मात्र एकीची दुसरीच्या निम्मी. निम्म्या किमतीची हातोडी टाकाऊ असेलच असे नाही, आणि दुप्पट किमतीची उत्तम असेलच असेही नाही. हा निर्णय भावावरून करता येत नाही. तो हत्यारावरूनच करावा लागतो. ही पारख शिकता येते आणि तिला प्रयोगशाळा लागत नाही.

खराब हत्याराची किंमत कोण देतो?

समजा, एक फावडे १५० रुपयांना मिळाले आणि कामाच्या ५० दिवसांत त्याची मान तुटली. दुसरे ३०० रुपयांना मिळाले आणि २५० दिवस टिकले. पहिल्याचा खर्च दिवसाला ३ रुपये पडला, दुसऱ्याचा १ रुपया २० पैसे. हा हिशेब कोणालाही पटतो. परंतु तो अपुरा आहे. फावड्याचे पाते वाकत असेल, कुदळीचे टोक दर तासाला बोथट होत असेल, तर तेवढ्याच घामात कमी माती निघते. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्या योजनेत मातीकामाची मजुरी झालेल्या कामाच्या मोजमापाशी जोडलेली होती. जेथे जेथे मजुरी मोजमापाने ठरते, तेथे वाईट कुदळीमुळे होणारी तूट कुदळ खरेदी करणाऱ्या कार्यालयाच्या हिशेबात दिसत नाही. ती मजुराच्या हजेरीपटात दिसते.

दुसरी किंमत याहून मोठी आहे. अतिकडक हातोडीचा किंवा छिन्नीच्या डोक्याचा टवका उडून डोळ्यात गेला, तर दृष्टी जाऊ शकते. सैल दांड्यातून निसटलेले कुदळीचे पाते शेजारच्या मजुराला जखमी करते. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलांच्या हाती दिलेली हत्यारेही याच बाजारातून आलेली असतात. थोडक्यात, हत्याराची किंमत दुकानात एकदाच दिली जाते. खराब हत्याराची किंमत ते हाती धरणारा माणूस रोज देत असतो.

कडकपणा आणि चिवटपणा

सर्व पारखेचे मूळ एका गोष्टीत आहे. चांगल्या हत्याराला दोन परस्परविरोधी गुण लागतात. धार व तोंड कडक हवे, म्हणजे ते झिजणार नाही. अंग मात्र चिवट हवे, म्हणजे ते तुटणार नाही. ज्या साध्या लोखंडाच्या सळ्या व पट्ट्या बाजारात मिळतात, त्यात कर्बाचे प्रमाण साधारणतः पाव टक्का किंवा त्याहून कमी असते. असे लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडविले, तरी त्याला उपयोगी पडेल इतका कडकपणा येत नाही. हत्यारांच्या पोलादात कर्ब अर्धा टक्का व त्याहून अधिक असतो.

असे पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत लाल तापवून पाण्यात किंवा तेलात बुडविले, की ते कडक होते. पण त्याबरोबरच काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवावे लागते. घासून उजळ केलेल्या पोलादावर या वेळी सुमारे २२० अंशांना गवती पिवळा रंग येतो आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. पिवळ्यावर थांबविलेली धार अधिक कडक राहते, निळ्यावर थांबविलेले अंग अधिक चिवट होते. गावचा लोहार “धारेला पाणी दिले” म्हणतो ते हेच काम. स्वस्त मालात बहुधा यांपैकी एका पायरीवर काटकसर केलेली असते : पोलादाऐवजी साधे लोखंड वापरतात, पाणीच देत नाहीत, किंवा पाणी दिल्यावर दुसऱ्यांदा तापविण्याचा खर्च वाचवितात. पहिल्या दोन प्रकारांत हत्यार वाकते व बोथटते. तिसऱ्यात ते तडकते.

डोळा, कान आणि कानस

प्रथम डोळ्याने पाहावे. जाड रंग आणि चकचकीत मुलामा ही गुणवत्तेची खूण नव्हे. त्याखाली सांधा, भेग किंवा भोके दडलेली असू शकतात. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते, ही म्हण या बाजारात विशेष खरी आहे. मुलाम्याला फुगे किंवा पापुद्रे आलेले असतील, तर हत्यार बाजूला ठेवावे. अंगावर बारीक, उंच रेघ आणि वाळूसारखा खरबरीतपणा असेल, तर ते साच्यात ओतलेले असण्याचा संभव असतो. ठोकून घडविलेल्या हत्याराच्या कडेला बहुधा रुंद, घासून सपाट केलेला पट्टा दिसतो. ओतीव बिडाची हातोडी किंवा पाना स्वस्तातही घेऊ नये; बीड ठोका सहन करीत नाही.

नंतर कानाने ऐकावे. मडके घेताना गृहिणी ते बोटाने वाजवून घेते, त्याच न्यायाने पाना, पहार किंवा फावड्याचे पाते दोरीला टांगून त्यावर हलका ठोका द्यावा. स्वच्छ, लांबणारा नाद आला तर अंग सलग आहे. बद्द आवाज आला तर कोठेतरी भेग किंवा कच्चा सांधा असल्याची शंका घ्यावी.

तिसरे साधन कानस. चांगली कानस स्वतः अतिशय कडक असते. ती हत्याराच्या आडबाजूच्या कोपऱ्यावर हलकेच फिरवावी. साध्या लोखंडावर चालते तितकी सहज ती पटाशीच्या धारेजवळ चालली, तर पटाशीला पाणी नाही असे समजावे. तेथे कानस जेमतेम लागली पाहिजे. हातोडीच्या तोंडावर ती कष्टाने लागावी. काचेवरून घसरावी तशी घसरली, तर ते तोंड टवके उडविणारे आहे. उलट हातोडीच्या मधल्या अंगाला आणि छिन्नीच्या ठोका खाणाऱ्या डोक्याला कानस सहज लागली पाहिजे, कारण तेथे चिवटपणा हवा. दुकानदार ही परीक्षा दुकानात करू देईलच असे नाही. म्हणून अनेक नग घ्यावयाचे असल्यास प्रथम एक नग विकत घेऊन तो तपासावा.

हत्यारागणिक काय पाहावे?

हातोडी व कुदळ : दांड्याच्या लाकडाच्या रेषा दांड्याच्या लांबीबरोबर सरळ गेल्या पाहिजेत, आडव्या गेल्या असतील तर दांडा तेथेच चिरतो. गाठ असलेला दांडा घेऊ नये. बाभूळ व धावडा ही दांड्याची जुनी, भरवशाची लाकडे. दांडा रंगविलेला नसावा, कारण रंगाखाली गाठ व चीर लपते. हातोडीच्या नेढ्यात पाचर घट्ट हवी. कुदळीचे नेढे एकीकडे अरुंद व दुसरीकडे रुंद असते. दांडा असा बसवावा, की प्रत्येक ठोक्यागणिक पाते अधिक घट्ट होईल.

फावडे : पात्याची कड जमिनीवर टेकवून भार द्यावा. पाते किंचित लवून पुन्हा सरळ झाले पाहिजे. लवलेलेच राहिले, तर ते साध्या पत्र्याचे आहे. नेढे पात्याला जेथे मिळते तो सांधा बारकाईने पाहावा. फावडे बहुतेक तेथेच मोडते.

पक्कड : ती मिटून उजेडासमोर धरावी. टोके एकमेकांवर नेमकी बसली पाहिजेत आणि कापणाऱ्या धारांमध्ये फट दिसता कामा नये. उघडताना ती सहज चालावी, पण आडवी डुगडुगू नये. तार कापून पाहावी व लगेच धारेकडे पाहावे. धारेवर खाच पडली असेल तर ती पक्कड परत करावी. मुठीवरील प्लास्टिक म्हणजे विजेपासून संरक्षण असा समज जिवावर बेतणारा आहे. १००० व्होल्टची खूण नसलेल्या हत्याराचे प्लास्टिक केवळ पकडीसाठी असते. खूण असली तरीही वीज बंद करूनच काम करणे हा पहिला नियम.

पाना व पेचकस : पाना नव्या नटावर बसवून पाहावा, सैल पाना नटाचे कोपरे खातो आणि कामगाराची बोटे सोलतो. पेचकसाचे टोक खाचेत पूर्ण बसावे व मुठीत पाते फिरू नये.

करवत : पाते हाताने वाकवून सोडावे, ते पूर्ववत सरळ झाले पाहिजे.

छाटणीची कात्री : नाशिकच्या द्राक्षबागांत एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी, अशी वर्षातून दोनदा कात्री दिवसभर चालते. हिरव्या काडीवर ती चालवून पाहावी. काप स्वच्छ आला पाहिजे. साल चेंगरली, तर त्या जखमेतून रोग शिरण्यास वाव मिळतो. स्प्रिंग व पाते स्वतंत्रपणे बदलून मिळते की नाही, हेही विचारून घ्यावे.

स्वस्त ते सारेच वाईट नव्हे

ओबडधोबड दिसणारे हत्यार नेहमीच निकृष्ट नसते. गावच्या लोहाराने घडविलेल्या खुरप्यास किंवा विळ्यास चकाकी नसते. परंतु पोलाद चांगले असेल व पाणी नीट दिलेले असेल, तर ते दुकानातील रंगविलेल्या मालापेक्षा सरस ठरते. शिवाय बोथट झाले की ते त्याच लोहाराकडून शेवटून आणता येते. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत लोहार आणि हातोडी व हत्यारसंच बनविणारे कारागीर यांचा समावेश करण्यात आला व हत्यारसंचासाठी १५,००० रुपयांपर्यंतची प्रोत्साहन रक्कम ठेवण्यात आली. अशी रक्कम निवडून घेतलेल्या हत्यारांवर खर्च झाली, तरच तिचे चीज होते.

वर्षातून दोनदा लागणारा घरगुती पेचकस स्वस्तातला घेतल्याने फारसे बिघडत नाही. परंतु जे हत्यार ठोका देते किंवा ठोका खाते, जे डोक्यावरून फिरविले जाते आणि ज्याचा विजेशी संबंध येतो, तेथे पैसा वाचविणे योग्य नव्हे.

कार्यालयीन खरेदीतील दक्षता

दरपत्रकात केवळ “फावडी २० नग” असे लिहिले, तर सर्वांत कमी दराचा कोणताही माल स्वीकारणे भाग पडते. म्हणून मागणीपत्रातच अपेक्षा स्पष्ट असाव्यात. भारतीय मानकांचा येथे उपयोग होतो : फावड्यांसाठी आयएस १७५९, पोलादी हातोड्यांसाठी आयएस ८४१, पकडींसाठी आयएस ३६५० आणि लाकडी दांड्यांसाठी आयएस ६२० ही मानके आहेत. मालावर आयएसआय चिन्ह असेल, तर त्यासोबतचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो. वेष्टनावर नुसता मानकाचा क्रमांक छापलेला असणे म्हणजे परवाना नव्हे.

दर मंजूर करण्यापूर्वी नमुना मागवावा; गावातील एखादा अनुभवी गवंडी, सुतार किंवा लोहार यांच्या हाती देऊन तो दिवसभर कामावर वापरून पाहावा; मंजूर नमुना मोहोरबंद करून ठेवावा. माल आल्यावर त्यातील काही नग स्वतः निवडून नमुन्याशी ताडून पाहावेत. सदोष नग बदलून देण्याची अट लेखी असावी. साठा नोंदवहीत खरेदीची तारीख व पुरवठादार यांच्यासमोर हत्यार केव्हा व कशाने निकामी झाले, याची नोंद ठेवावी. निर्लेखनाच्या वेळी ही नोंद केवळ औपचारिकता वाटते. पुढील खरेदीच्या वेळी मात्र तिच्याइतका चांगला सल्लागार नाही.

चांगले हत्यारही निगेवाचून टिकत नाही. ठोके खाऊन छिन्नीचे डोके छत्रीसारखे पसरले, की त्या कडा घासून काढाव्यात. टवके तेथूनच उडतात. सैल दांडा पाण्यात भिजवून फुगविणे हा तात्पुरता उपाय आहे. लाकूड वाळताच तो पुन्हा सैल होतो. नवी पाचर मारणे हाच खरा उपाय. पावसाळ्यापूर्वी पाती पुसून तेलाचा हात द्यावा.

या सर्व परीक्षांना एका नगामागे दहा-पंधरा मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. पंचायत सदस्याने खरेदीच्या बैठकीत भावाबरोबर नमुना मागितला, शिक्षकाने विद्यार्थ्यांना हातोडी देण्यापूर्वी तिची पाचर हलवून पाहिली आणि अधिकाऱ्याने मागणीपत्रात दोन ओळी अधिक लिहिल्या, तर त्याचा लाभ थेट कष्ट करणाऱ्या हातांना मिळेल. ज्याला ते हत्यार दिवसभर चालवावयाचे आहे, त्याला खरेदीच्या वेळी बहुधा कोणी विचारीत नाही. त्याला विचारणे ही पारखेची पहिली पायरी होय.