दणकट फोन आणि पानिपतची चिंधी

पानिपतचे नाव ऐकताच मराठी वाचकास १४ जानेवारी १७६१ हा दिवस आणि काला अंब येथील स्मारक आठवावे, हे स्वाभाविकच होय. परंतु आज हे शहर आणखी एका उद्योगामुळे जगास परिचित आहे. परदेशांत टाकून दिलेले लोकरी कपडे येथे गाठोड्यांनी येतात. कामगार, त्यांत बहुसंख्य स्त्रियाच, त्यांची बटणे, चेन व अस्तरे कापून काढतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रे त्या चिंध्यांचे पुन्हा तंतू करतात. तंतू मुळातच रंगीत असल्याने सूत नव्याने रंगवावे लागत नाही. त्यातून स्वस्त ब्लँकेटे विणली जातात. या कामात उडणारी धूळ फुफ्फुसांस अपायकारक असते, हेही सांगितले पाहिजे. येथे जे सुटे होते तेच पुन्हा उपयोगी पडते. निरनिराळे धागे एकत्र विणलेल्या कापडास भाव कमी.

स्मार्टफोनची रचना करणाऱ्याने हे ध्यानात घ्यावे. सह्याद्रीत पावसाळी भटकंती करणाऱ्याची सॅक पाहा. जेथे ती घासते तेथे कापड दुहेरी असते. पट्ट्याचे बक्कल तुटले तर नवे ओवता येते. पावसाचे आच्छादन तर निराळेच असते. फोनचे तसे नाही. पाणी आत शिरू नये व जाडी वाढू नये म्हणून त्याचे अंग बहुधा गोंदाने सांधतात. बॅटरी क्षीण झाली की फोन तापवून उघडावा लागतो. त्यात पाठीची काच तडकते. बॅटरीस हत्यार लागले तर ती पेटूही शकते.

गोंदावाचून पाणी अडविता येते काय? येते. प्रेशर कुकरच्या झाकणातील रिंग हेच करते. दाबलेले रबर फट बुजविते आणि जुने झाले की बदलता येते. सॅमसंगच्या २०२२ मधील एक्सकव्हर ६ प्रो या फोनची बॅटरी हाताने काढता येते, तरीही त्यास धूळ व पाणी यांविषयीचा आयपी ६८ हा दर्जा आहे. जाडी मात्र थोडी वाढते. ही किंमत फार नव्हे.

आता पडण्याविषयी. एक मीटर उंचीवरून पडलेला फोन अर्ध्या मिलिमीटरात थांबला, तर त्यावरील सरासरी बल त्याच्या वजनाच्या सुमारे २००० पट होते. कोपऱ्यावरील मऊ कडेमुळे तो दोन मिलिमीटरांत थांबला, तर ते सुमारे ५०० पटच राहते. ही कड कठीण प्लास्टिकवर वितळवून जोडू नये, खोबणीत बसवावी. नाहीतर मिश्र कापडाचीच गत होते.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नव्या फोनांना नियम लावले आहेत. ८०० वेळा भारित करूनही बॅटरीची किमान ८० टक्के क्षमता उरावी. सुटे भाग, विक्री थांबल्यावरही, ७ वर्षे मिळावेत. भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी जुन्या उपकरणांच्या पुनर्चक्रणाचा भार उत्पादकांवर टाकला आहे. प्रत्यक्षात तो फोन कोणा कामगाराच्या हाती येतो. यंत्रात टाकण्यापूर्वी त्याला बॅटरी काढावीच लागते, कारण चिरडलेली बॅटरी आग लावते. स्क्रूंनी बसविलेले झाकण तो क्षणात उघडतो. गोंदाने चिकटविलेले प्रथम तापवावे लागते.