आवाज पुढे, ओठ मागे!

एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनातले तासाभराचे नाटक मी कॅमेऱ्याने टिपले. आवाज स्वच्छ यावा म्हणून ध्वनिमुद्रक वेगळा, रंगमंचाजवळ ठेवला. घरी संगणकावर दोन्हींची जोडणी केली. सुरुवात अगदी अचूक जुळवली होती. पण मिनिटभरातच राजाची गर्जना आधी ऐकू येई आणि त्याचे तोंड नंतर उघडे! शेवटी तर आवाज संपून गेला, तरी पडद्यावर नाटक अडीच मिनिटे मुक्याने चालूच होते. आवाज थोडा मागे सरकवून पाहिला, तर शेवट जुळला आणि सुरुवात बिघडली.

चूक कोठे होती? चलच्चित्र म्हणजे भराभर दाखवलेली स्थिर चित्रे, हे तुम्हांला ठाऊक आहेच. माझा कॅमेरा सेकंदाला 25 चित्रे घेत होता. जोडणी करताना मी संगणकाला 24 हा आकडा दिला. आता गणित करा. तासात चित्रे झाली 90,000. ती सेकंदाला 24 या वेगाने दाखवायला लागतात 3,750 सेकंद, म्हणजे साडेबासष्ट मिनिटे. आवाज मात्र आपला साठ मिनिटांतच संपणार! घड्याळ रोज पाच मिनिटे मागे पडत असेल, तर काटे एकदा फिरवून काय उपयोग? तसेच हे.

पूर्वीच्या सिनेमाच्या फितीत हा घोटाळा सहसा होत नसे, कारण चित्र आणि आवाज एकाच फितीवर छापलेले असत. तेथे दुसरीच गंमत होती. भिंगासमोर प्रत्येक चित्र क्षणभर थांबावे लागते. आवाज वाचताना मात्र फीत एकसारखी सरकली पाहिजे. म्हणून 35 मिलिमीटर फितीवर आवाज त्याच्या चित्राच्या सुमारे 20 चौकटी पुढे छापत. यंत्रात फीत ओवताना तीन चौकटींची चूक झाली, तर आवाज एक अष्टमांश सेकंदाने चुके. पण ती चूक त्या रिळाच्या शेवटपर्यंत तेवढीच राही, वाढत नसे.

नदीच्या पलीकडच्या काठावर कोणी धुणे आपटत असेल, तर आधी कपडा आपटलेला दिसतो, मग ‘धप्’ ऐकू येते. आवाज मागून येण्याची आपल्याला सवय आहे. म्हणूनच तो सुमारे 125 सहस्रांश सेकंद मागे असला, तरी खटकत नाही. पुढे असला, तर 45 सहस्रांशही जाणवतात. माझ्या नाटकात ही मर्यादा दुसऱ्याच सेकंदाला ओलांडली गेली होती!

आकडा 25 केला आणि सारे जुळले. पण 24 आणि 23.976 यांची गल्लत झाली, तर चूक अशी चटकन सापडत नाही. 1953 साली अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत ठरली, तेव्हा 30 चित्रांची 29.97 झाली, त्या हिशेबात सिनेमाची 24 चित्रे 23.976 होतात. हा फरक हजारात एकाचा. 23.976 चे चित्र 24 ने दाखवले, तर आवाज मिनिटाला 60 सहस्रांश सेकंद मागे पडत जातो. पहिली दोन मिनिटे तुम्हांला काहीच कळणार नाही. तासाअखेर मात्र 3.6 सेकंदांचे अंतर पडलेले असेल. तेव्हा जोडणी तपासताना चित्रपटाचा शेवट आधी पाहा.