अष्टूरचे घुमट सापडेनात

प्रश्न : बिदरचा किल्ला, अष्टूरचे मकबरे, कलबुर्गीची जामा मशीद... वीसेक हजार फोटो लॅपटॉपवर विखुरलेत. दरमहा पैसे न भरता ते लावायची काही सोय आहे का? – एक वाचक, भालकी

उत्तर : आहे, आणि चांगली आहे. 'डिजिकॅम' घ्या. मुक्त स्रोत, फुकट, विंडोजवर चालते, इंटरनेट नसले तरी काम अडत नाही. दिसायला थोडे रुक्ष आहे, पण सवय होते. फोटो आहेत त्याच फोल्डरांत राहतात. 'घुमट', 'रंगीत फरशा' असे टॅग देवनागरीतही देता येतात. मात्र हे टॅग फोटोच्या फाइलमध्येही लिहिले जातील, असे सेटिंग करून घ्या. म्हणजे उद्या सॉफ्टवेअर बंद पडले तरी टॅग फोटोंसोबत राहतील; गूगलने २०१६ साली 'पिकासा' हे फोटो लावायचे सॉफ्टवेअर गुंडाळले, हे विसरू नका.

गावांची नावेही आधी ठरवा. २०१४ पूर्वीचे फोटो 'गुलबर्गा' आणि नंतरचे 'कलबुर्गी', असे झाले तर शोधताना निम्मेच हाती लागतील.

रॉ फोटोंच्या संस्करणासाठी 'डार्कटेबल' आहे, तेही फुकट. गूगल फोटोजच्या मोफत १५ जीबीत तुमचा पसारा मावणे कठीण. त्यात जीमेलही वाटेकरी. वाचलेल्या पैशांतून बाहेरची हार्ड डिस्क घ्या. जमल्यास दोन, आणि दुसरी नातेवाइकांकडे ठेवा.