आजीनं प्लेट धुतली, एवढंच!

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मुलांच्या हातांच्या ठशांची ती प्लेट आमच्या आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, खराब केलेली नाही. घरात अजूनही तसं बोललं जातं, म्हणून हे लिहितेय. चिवडा खाल्लेली प्लेट कुठलीही बाई धुणारच.

सासू-सासऱ्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली, तेव्हाची ही भेट. थोरलीचा लाल तळवा, धाकट्याचा पिवळा, आणि कडेला थोरलीनं काढलेला चारमिनार, त्याला मिनार पाच. धुतल्यावर रंग जाईल का, हे मी दुकानदाराला आधीच विचारलं होतं. "बिल्कुल नहीं जाता मॅडम, सिरॅमिक का कलर है." रंग मात्र सुट्या बाटल्यांतला, लेबल नसलेला.

काचीगुड्याला त्यांच्या घरी गेलो, त्या दिवशी आईंनी तेलकट प्लेट साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवली होती. थोड्या वेळानं पाहते तर रंग विरघळला नव्हता, दुधावरच्या सायीसारखा सुटून वर आला होता. धाकट्याची करंगळी सिंकच्या जाळीला चिकटलेली. आईंनी ती बोटाच्या टोकानं उचलली आणि पुन्हा प्लेटवर बसवायला लागल्या. मला ते बघवेना.

तक्रार घेऊन गेले, तर दुकानदार म्हणाला, "शोपीस है ना मॅडम, धोते क्या इसको?" वर, दुसरी घेतलीत तर दहा टक्के कमी करतो म्हणे! दीड वर्षाच्या पोराचा हात दुसरा कुठून आणू? तो आता शाळेत जातो.

तो रंग साधा ॲक्रिलिकच असणार. ॲक्रिलिक वाळला की त्याचा प्लास्टिकसारखा पापुद्रा होतो, आणि चकचकीत झिलईवर त्याला धरायला काही मिळत नाही. आपल्या शेजारचे कारागीर हे पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. चेरियालचे नकाशी चित्रकार रंगाआधी खादीवर चिंचोक्याची खळ, तांदळाची पेज, पांढरी माती आणि डिंक यांचा लेप देतात. निर्मलची खेळणी पोनिकीच्या हलक्या लाकडाची, त्यांनाही रंगाआधी लेप लागतो. आधी अंग तयार करायचं, मग रंग.

तेव्हा प्लेटच हवी असेल तर घरच्या ओव्हनमध्ये पक्के होणारे पोर्सेलीनचे रंग मागा. ते दिवसभर वाळू द्यावे लागतात, मग प्लेट थंड ओव्हनमध्ये ठेवून साधारण 150 अंशांपर्यंत तापवायची. किती वेळ, ते बाटलीवर असतं. थंडही आतच होऊ द्या. तरी रंगवलेल्या भागावर खायचं काही वाढू नका. ॲक्रिलिकच वापरायचा तर कुंभाराकडचं बिनझिलईचं मडकं घ्या. बोनालूच्या सणात ती जागोजागी मिळतात, आणि भाजलेल्या मातीवर रंग धरतो. ठसे घेण्याआधी मुलांची पोटं भरा. ठसा झाला की हात ओल्या फडक्यानं लगेच पुसा. संयम ठेवा वगैरे तुम्हाला ठाऊक आहेच.

लहान मुलं बोटं तोंडात घालतात, म्हणून सुटा रंग मुळीच नको. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिसं 90 पीपीएमच्या वर नसावं, असा नियम 2017 पासून लागू आहे. बिनलेबलच्या बाटलीत काय आहे, हे कोण सांगणार?

आणि ठसा घेण्याआधी तोच हात कागदावर ठेवून पेन्सिलीनं गिरवून ठेवा, तारीख घाला.

पावतीवर रंगाचं नाव लिहून घ्या. माझ्याकडे होती ती नुसता आकडा खरडलेली चिठ्ठी. ती पाहून दुकानदारानं खांदे उडवले.