दादाचा गुडघा



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी गुरुजींनी 'आपले शरीर' हा विषय दिला. कोणी डोळा घेतला, कोणी कान, हृदय तर तिघांनी घेतले. मी गुडघा घेतला. कारण आमच्या घरात सध्या गुडघ्याशिवाय दुसरे बोलणेच नाही.

माझा चुलतभाऊ नांदेडला कॉलेजात शिकतो आणि हॉकी खेळतो. त्याला आम्ही दादा म्हणतो. नांदेड म्हटले की सगळ्यांना गुरुद्वारा आठवतो, पण तिथे हॉकीचेही वेड आहे. गुरु गोबिंदसिंघजींच्या नावाने तिथे हिवाळ्यात अखिल भारतीय हॉकी स्पर्धा भरते व लांबलांबचे संघ येतात. दादाने मला एकदा सामना दाखवायला नेले होते. हॉकीचे मैदान ९१.४० मीटर लांब व ५५ मीटर रुंद असते. टीव्हीवर ते एवढे मोठे वाटत नाही. खेळाडू कमरेत वाकून पळतात आणि पळता पळता एकदम वळतात. ते वळणेच दादाला नडले.

सराव चालू होता. कोणी धक्का दिला नाही, कोणाची काठी लागली नाही. पाय जमिनीवर रोवलेला राहिला आणि अंग फिरले. "आतून कट्ट वाजलं बग," असे तो सांगतो. संध्याकाळपर्यंत गुडघा टरबुजावाणी सुजला. घरच्यांनी त्याला गावाकडे आणले व तेल लावून मालिश करून घेतली. पाय ओढला तेव्हा दादा एवढा ओरडला की आमची म्हैस दावणीला बिथरली. काकू म्हणाली, "मुरगळलंय, चार दिसात बसतंय." बसले नाही. सूज उतरली, पण चालता चालता गुडघा सटकायचा. मग मोठ्या दवाखान्यात नेऊन एमआरआय काढला. डॉक्टर काकांना म्हणाले, "सुजलेला गुडघा पुन्हा कधी कोणाला ओढू देऊ नका. बर्फ लावा, पाय उंच ठेवा आणि दाखवायला आणा." हे मी पालकांसाठी मुद्दाम लिहिले आहे.

आता गुडघ्याची माहिती. मला वाटायचे गुडघा म्हणजे दाराची बिजागरी. पण बिजागरीला खिळा असतो, गुडघ्याला नसतो. वर मांडीचे हाड, खाली नडगीचे हाड, पुढे वाटी. ही हाडे दोरीसारख्या पट्ट्यांनी बांधलेली असतात. त्यांना अस्थिबंध म्हणतात, डॉक्टर लिगामेंट म्हणतात. गुडघ्याच्या आत मधोमध दोन अस्थिबंध फुलीसारखे एकमेकांवर असतात. त्यांतला पुढचा नडगीला पुढे सरकू देत नाही आणि वळताना गुडघा सांभाळतो. दादाचा तोच तुटला.

मी डॉक्टरांना विचारले, "हाड जुळतं, मग हे का जुळत नाही?" काकांनी डोळे वटारले, पण डॉक्टरांनी नीट सांगितले. हाडाला रक्ताचा पुरवठा चांगला असतो, म्हणून ते जुळते. या अस्थिबंधाला रक्त कमी मिळते व तो पूर्ण तुटला की टोके सहसा आपोआप जुळत नाहीत. म्हणून मांडीच्या मागचा स्नायूबंध काढून त्याच्या जागी बसवतात. बारीक छिद्रे पाडून, दुर्बीण आत घालून हे काम करतात. ते आपल्या आंब्याच्या कलमासारखेच आहे. कलम बांधले त्या दिवशी ते जिवंत झालेले नसते. आत नव्या रक्तवाहिन्या वाढाव्या लागतात, आणि मधल्या काही महिन्यांत बसवलेली पट्टी उलट जास्त कमजोर असते. माणसाला मात्र वाटते आता दुखत नाही म्हणजे बरे झाले. खरा धोका तिथे आहे.

ऑपरेशन झाले. घरातले सोयाबीन त्यात गेले. डॉक्टर म्हणाले, "मैदानावर जायला निदान नऊ महिने. पण पहिल्यासारखा खेळशील असं मी लिहून देणार नाही." दादाला राज्य पातळीवर खेळायचे होते. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्यातून पोलीस भरतीत जायचे असे त्याने ठरवले होते. भरतीत १६०० मीटर पळावे लागते. त्या दिवशी येताना एसटीत कोणीच बोलले नाही.

मग मी दुसऱ्या खेळाडूंचे काय झाले ते शोधले. गुरुजींनी मदत केली.

हरियाणातील शाहबादचा संदीप सिंग हा भारताचा हॉकीपटू. पेनल्टी कॉर्नरवर चेंडू ओढून मारण्यात पटाईत. २२ ऑगस्ट २००६ रोजी तो शताब्दी गाडीने दिल्लीला निघाला होता. विश्वचषकासाठी संघ जर्मनीला जाणार होता. गाडीत एका सुरक्षा कर्मचाऱ्याच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटली व त्याच्या कमरेच्या भागात घुसली. तो चंदीगडच्या दवाखान्यात असताना विश्वचषक होऊनही गेला, भारत अकराव्या क्रमांकावर आला. कित्येक महिने तो चाकाच्या खुर्चीत होता. पुन्हा खेळेल असे कोणी सांगू शकत नव्हते. पण तो उठला, आणि २००९ साली त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने अझलन शाह चषक जिंकला, १९९५ नंतर प्रथमच. २०१२ साली दिल्लीत ऑलिंपिक पात्रतेच्या अंतिम सामन्यात भारताने फ्रान्सला ८-१ असे हरवले. त्यातले पाच गोल संदीपचे.

मी हे दादाला वाचून दाखवले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "जे परत आले त्यांचंच छापून येतंय. जे आले नाहीत त्यांचं कोण छापायलंय?" मला राग आला, पण तो खोटे बोलत नव्हता.

मग आपल्याच जिल्ह्यातल्या भाग्यश्री जाधव सापडल्या. मुखेड तालुक्यातील होनवडजच्या. २००६ साली विषबाधेनंतर त्यांचे पाय निकामी झाले. त्या संदीपसारख्या उठून पळू लागल्या नाहीत. त्यांनी बसून गोळा फेकायला सुरुवात केली. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो पॅरालिंपिकमध्ये त्या सातव्या आल्या. २०२४ साली जपानमध्ये कोबे येथे जागतिक स्पर्धेत ७.५६ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. त्याच वर्षी पॅरिसच्या उद्घाटनाला सुमित अंतिलबरोबर देशाचा झेंडा त्यांच्या हातात होता, आणि स्पर्धेत त्या पाचव्या आल्या. त्यांची हकीकत ऐकून दादा गप्प बसला. रात्री मात्र मुखेडला एसटी किती वाजता असते म्हणून विचारले.

आता दहावा महिना चालू आहे. दादा रोज सकाळी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबतो, एका पायावर उठबशा काढतो. काकू शिवणाच्या टेपने दोन्ही मांड्या मोजते. दुखरी मांडी अजून बारीक आहे. डॉक्टरांनी एक परीक्षा सांगितली आहे. एका पायावर उडी मारायची व खडूने खूण करून अंतर मोजायचे. दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के भरली पाहिजे, तरच मैदानाचा विचार. टक्केवारीचे हे गणित मीच करतो. चांगल्या पायाची उडी १४० सेंटीमीटर, म्हणजे दुसऱ्या पायाची १२६ हवी. दिवाळीला ९८ भरली होती. मागच्या रविवारी ११८ भरली. दादा म्हणाला, "परत मोज, टेप ढिला धरलास तू." मी परत मोजले. ११८ च भरली.