गिअरचा दांडा बदलण्याआधी: कुठे किती पैसे जातात

गिअर जड पडतोय, रिव्हर्स टाकताना खर्रकन आवाज येतोय, दांडा खिळखिळा झालाय, अशी तक्रार घेऊन गॅरेजमध्ये गेलं की हल्ली दोनपैकी एक उत्तर मिळतं. ‘गिअरबॉक्स उघडावा लागेल’ किंवा ‘नवा शॉर्ट शिफ्टर बसवून घ्या, गिअर लोण्यासारखा पडेल.’ पहिल्या उत्तराचे दहा-पंचवीस हजार होतात, दुसऱ्याचे सहा हजारांपासून पुढे कितीही. दोन्ही कामं कधी कधी खरोखर लागतात. पण त्याआधी पन्नास-शंभर रुपयांपासून दीड-दोन हजारांपर्यंतची काही कामं असतात. ती तपासल्याशिवाय मोठा खर्च मान्य करू नये.

माझ्या जुन्या वॅगनआरला पहिला गिअर पडेनासा झाला तेव्हा एका गॅरेजने अठरा हजारांचा अंदाज लिहून दिला होता. ‘विचार करून सांगतो’ म्हणून मी गाडी कशीबशी घराजवळच्या एका वयस्कर मिस्त्रींकडे नेली. त्यांनी इंजिन बंद केलं, क्लच दाबला आणि पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून पाहिले. सगळे अलगद पडले. मग इंजिन चालू केलं, तर पहिला अडला. ‘बॉक्सला काही झालेलं नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये,’ ते म्हणाले. क्लच केबलच्या तारा आतून तुटत आल्या होत्या. केबल साडेतीनशेची, मजुरी दोनशे. साडेपाचशे रुपयांत गाडी घरी आली.

ही चाचणी प्रत्येकाने स्वतः करून बघावी, तिला हत्यार लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून हँडब्रेक ओढा. इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असतील आणि चालू केल्यावर अडत असतील, तर दोष बहुतेक क्लचकडे आहे. इंजिन बंद असतानाही जड जात असतील, तर दांडा, केबल, बुश किंवा गिअरबॉक्सच्या आतलं काही. एकच गिअर त्रास देत असेल आणि बाकीचे ठीक असतील, तर बॉक्सच्या आतल्या दुरुस्तीची शक्यता वाढते.

रिव्हर्सचं थोडं वेगळं असतं. अनेक गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचे वेग जुळवणारी रचना, नसतो. क्लच दाबल्यावर आतला शाफ्ट थांबायला क्षणभर लागतो, आणि घाईत दांडा ओढला तर दाते एकमेकांवर घासतात. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, मग टाका. आवाज गेला तर दुरुस्तीची गरजच नाही. इतकं थांबूनही खरखर राहिली तर क्लच पूर्ण सुटत नाहीये असं समजा.

आधी स्वस्त कामं

खालच्या किमती लहान आणि मध्यम पेट्रोल गाड्यांसाठी अंदाजे धराव्यात. गाव, गॅरेज आणि मॉडेल बदललं की आकडे हलतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी वरच्या बाजूला असते.

सगळ्यात आधी पायाखालची चटई बघा. जाड मॅट किंवा मॅटवर टाकलेली दुसरी मॅट क्लच पेडलच्या खाली सरकते आणि पेडल तळाला पोचत नाही. खर्च शून्य. मग क्लच. केबलचा असेल तर पेडलचं मोकळं अंतर, म्हणजे फ्री प्ले, तपासून घट्ट-सैल करायला शे-दोनशे रुपये. केबल बदलायची तर अडीचशे ते सहाशे आणि मजुरी. हायड्रॉलिक क्लच असेल तर आधी तेलाची पातळी आणि गळती बघून हवा काढून घ्यावी. मास्टर किंवा स्लेव्ह सिलिंडर बदलायचा झाला तर दीड ते चार हजार लागू शकतात. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटचा संच तीन ते सहा हजार, मजुरी दोन ते चार हजार. काही डिझेल गाड्यांत ड्युअल मास फ्लायव्हील असतं. ते बाद झालं असेल तर खर्च एकदम पंचवीस हजारांच्या वर उडी घेतो, म्हणून क्लचचं काम काढताना फ्लायव्हीलचा अंदाज वेगळा लिहून घ्यावा.

गिअर ऑइलकडे आपण फारच दुर्लक्ष करतो. इंजिन ऑइल वेळेवर बदलणारी माणसंही गिअरबॉक्सचं तेल लाखभर किलोमीटर तसंच ठेवतात. थंडीच्या सकाळी दुसरा गिअर जड आणि गाडी तापल्यावर ठीक, असं होत असेल तर आधी तेलच बदला. साधारण दोन-अडीच लिटर लागतं, लिटरला साडेतीनशे ते सातशे रुपये, मजुरी दोन-चारशे. तेलाची प्रत मॅन्युअलमध्ये दिलेलीच घ्या. जीएल-४ सांगितलं असताना ‘जास्त चांगलं’ म्हणून जीएल-५ भरू नका. त्यातली रसायनं पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

आता दांडा ते गिअरबॉक्स हा मार्ग. जिप्सी किंवा जुन्या जीपमध्ये दांडा थेट बॉक्सवरच बसलेला असतो. मारुती ८०० सारख्या गाडीत मधे लोखंडी रॉड असतो. आजच्या बहुतेक लहान गाड्यांत इंजिन आडवं असतं आणि दांड्यापासून बॉक्सपर्यंत दोन केबल जातात: एक पुढे-मागे हलण्यासाठी, दुसरी डावी-उजवी रांग निवडण्यासाठी. प्रीमियर पद्मिनी चालवलेल्यांना स्टिअरिंगच्या बाजूचा दांडा आठवत असेल. कुर्ल्यात बनलेल्या या गाडीचे रॉड आणि सांधे झिजले की गिअर अडकायचा, आणि चालक भर रस्त्यात बॉनेट उघडून हाताने रॉड सोडवायचा. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली, तोपर्यंत हे कसब टॅक्सीवाल्यांच्या अंगात होतं. दोष मात्र आजही त्याच जातीचा आहे: सांध्यातली ढिलाई.

प्लास्टिकचा किंवा रबराचा बुश झिजला की दांडा न्यूट्रलमध्ये हातभर डोलतो. बुश पन्नास ते तीनशे रुपयांचा, मजुरी तीनशे ते आठशे. दोन्ही केबल बदलायच्या तर बाराशे ते साडेतीन हजार आणि मजुरी हजाराच्या आसपास. रांग चुकत असेल, पहिला टाकायला जावं आणि तिसरा पडावा, तर सिलेक्ट केबल सेट करूनच काम भागू शकतं. वेग वाढवताना किंवा सोडताना दांडा हिसका देत असेल तर इंजिन माउंट तपासा. एकेक माउंट आठशे ते अडीच हजार. पुण्याच्या नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भाव थोडा कमी लागतो. पण केबल जुनी वापरलेली घेऊ नका. तिची झीज आत असते, बाहेरून ती नवीच दिसते.

शॉर्ट शिफ्टर नेमकं काय करतो

हे सगळं ठीक आहे आणि तरीही हाताला तो छोटा, नेमका टप्पा हवा आहे, तर शिफ्टरचा विचार जरूर करा. ती हौस खरी आहे, मला समजते. फक्त त्यातलं गणित समजून घ्या. दांडा म्हणजे तरफ. तरफेचा टेकू वर सरकवला किंवा खालची भुजा वाढवली की हाताला कमी अंतर हलवावं लागतं, पण त्याच प्रमाणात जोर जास्त लागतो. हालचाल ३० टक्के कमी झाली तर जोर सुमारे १.४ पट. म्हणजे गिअर जड आहे म्हणून शॉर्ट शिफ्टर बसवला, तर तो आणखी जड होतो. खिळखिळ्या बुशांवर बसवला तर ढिलाई जास्त जाणवते. आधी दुरुस्ती, मग हौस, हा क्रम उलटवू नये.

किमतीचं सांगायचं तर भारतीय बाजारात मारुती-ह्युंदाईसाठी पर्याय थोडे आहेत. फोक्सवॅगन पोलो, व्हेंटो, स्कोडा ऑक्टाव्हिया आणि होंडाच्या काही मॉडेल्सना किट मिळतात. ते साधारण सहा ते वीस हजारांत येतात. परदेशातून मागवलं तर मूळ किमतीवर कुरिअर, सीमाशुल्क आणि जीएसटी चढतो. तो अंतिम आकडा विक्रेत्याकडून आधीच लेखी घ्या. बसवण्याची मजुरी दीड ते चार हजार. लेथवर दांडा कापून वेल्डिंग करून देणारेही भेटतात, हजार-दीड हजारांत. मी ते कुणालाच सुचवणार नाही. वेल्डिंगचा सांधा चालत्या गाडीत तुटला तर हातात नुसता दांडा येतो.

फक्त मूठ बदलायची असेल तर तीनशे ते दोन हजार रुपये. पण आटे जुळले पाहिजेत: होंडाला १० मिलिमीटर व १.५ पिच, टोयोटाला १२ व १.२५. ‘युनिव्हर्सल’ म्हणून मिळणारी, बाजूने छोट्या स्क्रूने आवळायची मूठ काही महिन्यांत फिरायला लागते. ह्युंदाईसारख्या गाड्यांत रिव्हर्ससाठी मुठीखालची कडी उचलावी लागते. नव्या मुठीला ती सोय नसेल तर रिव्हर्सच पडणार नाही. धातूची जड मूठ हाताला छान लागते, पण मे महिन्यात नागपूर-अकोल्याला उन्हात उभ्या केलेल्या गाडीत तिला हात लावता येत नाही.

बसवताना

काम दोन-तीन तासांचं आहे. शक्य असेल तर समोर उभे राहा. चाकांना अडण लावणं, हँडब्रेक, आणि बॅटरीचं ऋण टोक सोडणं ही सुरुवात. बॅटरीचा आग्रह यासाठी की अनेक गाड्यांत एअरबॅगचं नियंत्रक यंत्र मधल्या कन्सोलखालीच बसवलेलं असतं. बॅटरी सोडल्यावर काही मिनिटं थांबून मगच कन्सोल काढावा, आणि तिथे हातोडी चालवू नये. केबलची टोकं प्लास्टिकच्या कपासारखी गोळीवर बसलेली असतात. पक्कडीने ओढली तर कप फाटतो आणि बाराशे रुपयांची केबल नाहक जाते. चपट्या पान्याने खालून हळू उचलायची. जुन्या क्लिपा सैल वाटल्या तर नव्या घाला, त्या वीस-तीस रुपयांना मिळतात.

नवा शिफ्टर बसल्यावर न्यूट्रल जुळवणं हे खरं कसबाचं काम. बऱ्याच गाड्यांत दांडा न्यूट्रलमध्ये अडकवायला एक भोक दिलेलं असतं. त्यात पिन घालून मग केबलचा अॅडजस्टर लॉक करायचा. ज्या मिस्त्रीला हे भोक माहीत नसतं तो अंदाजाने जुळवतो, आणि आठवड्याने पाचवा गिअर सुटायला लागतो.

कन्सोल आणि चामडी कव्हर लावून झाल्यावर पुन्हा इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाका. उघड्या दांड्यावर सगळं बरोबर पडतं, आणि कव्हर लावलं की दांडा कडेला टेकून गिअर अर्धाच बसतो. गिअर सुटण्याचं हे अगदी साधं कारण आहे, पण त्यापायी बॉक्स उघडायचा सल्ला मिळू शकतो.

बसवल्यानंतरच्या तक्रारी

ठरावीक वेगाला दांडा गुणगुणत असेल तर किटमधले धातूचे बुश बघा. ते रबरासारखी थरथर गिळत नाहीत. वापर रोजचा असेल तर नायलॉनचे मागा. दांडा आपोआप मध्यावर येत नसेल तर परतीची स्प्रिंग उलटी बसली आहे किंवा सिलेक्ट केबल ताणलेली आहे. गिअर टोचत-टोचत पडत असेल आणि किट बॉक्सच्या बाजूने बसवलेला असेल, तर मूळ भुजेवरचं वजन काढून टाकलंय का ते विचारा. ते वजन गिअर आत ढकलायला मदत करतं. दुसरा गिअर घाईत टाकताना खर्र होत असेल तर हात जरा धीराने चालवा. सिंक्रो रिंगला दोन वेग जुळवायला लागणारा वेळ नव्या दांड्याने कमी होत नाही, आणि रिंगा झिजल्या की मग खरंच बॉक्स उघडावा लागतो.

एका धोक्याबद्दल मात्र काळजीने सांगतो. रांगा जवळ आल्यामुळे पहिले काही दिवस हात चुकतो. जोरात असताना तिसऱ्यातून चौथ्याला जाताना दांडा दुसऱ्यात पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात. रेव्ह लिमिटर तिथे काही करू शकत नाही; तो फक्त इंधन तोडतो. व्हॉल्व्ह वाकले की खर्च शिफ्टरच्या कित्येक पट. म्हणून पहिले शे-दोनशे किलोमीटर घाट आणि द्रुतगती मार्ग टाळा, रिकाम्या रस्त्यावर हात बसू द्या.

बिल आणि वॉरंटी

गाडी वॉरंटीत असेल तर शिफ्टर बसवण्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या; पुढे केबल किंवा गिअरबॉक्सचा दावा नाकारला जाऊ शकतो. विमा कंपनीलाही कळवा. बिलात सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी हवी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर १८ टक्के जीएसटी आहे. आजच्या बिलात कुणी २८ टक्के लावले असतील तर तिथेच विचारा. काढलेले जुने भाग मागून घ्या, तो तुमचा हक्काचा माल आहे. अंदाज दोन हजारांचा आणि बिल सहा हजारांचं, असं न विचारता झालं तर आधी गॅरेजला लेखी द्या, नाही जमलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा.

पाचशे किलोमीटरनंतर एकदा चामडी कव्हर उचलून बोल्ट आणि क्लिपा तपासून घ्या. मूळ शिफ्टर मात्र बोल्टांसकट पिशवीत घालून, वर गाडीचा नंबर लिहून माळ्यावर ठेवा. गाडी विकताना समोरचा माणूस तो नक्की मागेल.